पितरांचं आवतण

१

बोनकोड्यात लग्न ठरलं की पहिली पत्रिका गावदेवीला जाते आणि पहिला पेन ड्राइव्ह जागृतीकडे येतो. दोन वर्षं होत आली, हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावात धवलारीण उरली नव्हती. मांडवापासून हळदीपर्यंत लग्नाचे सगळे विधी आपल्या गाण्यानं पार पाडणारी, धवले म्हणणारी शेवटची बाई म्हणजे जागृतीची सासू गोजरा. ती एका श्रावणात गेली. तिचा आवाज तेवढा जागृतीच्या कॉम्प्युटरमध्ये राहिला होता.

खरं तर धवले शिकायचे होते जागृतीनं. सासूनं तिची पंधरा वर्षं मनधरणी केली. पण जागृती शाळेच्या ऑफिसात क्लार्क, सकाळी सातला जाणार, दुपारी दोनला येणार. आणि चारचौघांत पाटावर बसून गाणं म्हणायची तिला मनातून लाज वाटायची, हे तिनं कधी कबूल केलं नाही. उद्या शिकते, पुढच्या सुट्टीत शिकते, असं करता करता म्हातारीनं अंथरूण धरलं. तेव्हा कुठे जागृतीबाईंना शहाणपण सुचलं. एका उन्हाळ्यात रोज दुपारी तिनं सासूपुढे माइक धरला आणि एकेक करून एक्केचाळीस धवले भरून घेतले.

अडचण एकाच धवल्याची होती. मांडवाच्या दिवशी देवांना आणि त्या घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण द्यायचं असतं. त्या धवल्यात धवलारीण घरच्या पितरांची नावं घेते. आता प्रत्येक घराचे पितर वेगळे. जागृतीनं डोकं लढवलं.

"आई, नावांच्या जागी तुम्ही गप्प बसा. मी मनात दहा मोजते. ज्यांचं लग्न असेल त्या बायका तेवढ्यात आपापली नावं घेतील."

गोजरा कावरीबावरी झाली. "मोकली जागा कशी सोरू, बाय? नावा घेवाची जागा हाय ती."

"अहो, नुसतं रेकॉर्डिंग तर आहे."

म्हातारीनं ऐकलं. सुनेचं ती कायमच ऐकत आली होती.

२

लग्नघरातल्या पेन ड्राइव्हमध्ये वरातीची गाणी, बारशाचे फोटो आणि कुणा भाच्याचे नको ते उद्योग, सगळं गुण्यागोविंदानं नांदत असतं. व्हायरस येणारच. म्हणून जागृती अँटिव्हायरसच्या बाबतीत फार काटेकोर होती. शाळेतून आली, जेवली, की आधी अपडेट, मग बाकीचं जग. त्यातून यंदा मे महिन्यात तिच्या एकुलत्या एका मुलाचं, शिवतेजचं लग्न होतं. आजीनं नातवाच्या मांडवात गायचं, हे घरानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्या एक्केचाळीस फायलींना जागृती जिवापाड जपत होती.

मार्चमधल्या एका सोमवारी अपडेट बाहत्तर टक्क्यांवर अडकलं. लाल चौकट आली. 'अपडेट अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.'

तिनं आधी नेट तपासलं. मग तारीख आणि वेळ पाहिली, कारण घड्याळ चुकलं तरी अपडेट होत नाही, हे शाळेतल्या कॉम्प्युटरवर तिनं एकदा अनुभवलं होतं. घड्याळ बरोबर होतं. मंगळवारी तिनं जुने फोटो पुसून जागा मोकळी केली आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा बाहत्तर. बुधवारी तेच. तिचा नवरा कुंदन जेवता जेवता म्हणाला, "तुजा तो अँटिव्हायरस आणि आपल्या वरच्या माळ्याचा पंप, दोघांची सोयरीक जमव. दोघं पण मधीच बसतात."

गुरुवारी चौथ्यांदा अडकल्यावर तिनं चौकटीच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांवर क्लिक केलं. तिथं कारण दिलं होतं. 'आवतण' ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये वापरात आहे. ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

जागृतीनं ती फाईल महिनाभरात उघडली नव्हती. तिनं ती शोधून काढली आणि थबकली. हा धवला सहा मिनिटं दहा सेकंदांचा. प्रत्येक लग्नघराला ती तसं बजावून सांगायची, म्हणून आकडा तोंडपाठ होता. आता तिथं सहा मिनिटं सव्वीस सेकंद होते.

३

कॉम्प्युटर तळमजल्याच्या आतल्या खोलीत होता. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे. गोजराची खाट इथंच असायची. ती हलवून त्याच जागी टेबल ठेवलं होतं. वरच्या भाडेकरूंचा मिक्सर चालू होता आणि गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. असल्या आवाजांत माणसाला भीती वाटण्याचं काही कारण नाही, असं जागृतीनं स्वतःला बजावलं आणि फाईल लावली.

"पयलं आवतान गावदेवीला, मांडवा या गो माये," सासूचा तो जरा घोगरा, ओढलेला आवाज. "दुसरं आवतान पितरांला, मांडवा या हो बाबा..."

मग मोकळी जागा. तिच्यात काय ऐकू येतं ते जागृतीला ठाऊक होतं. त्या दिवशीचा पंखा, लांबून कुकरची शिट्टी. पंखा ऐकू आला. शिट्टी झाली. आणि मग कुणीतरी हळू, पण अगदी स्पष्ट म्हणालं, "हिरूबाई."

थोडं थांबून, "चांगो." मग "नामदेव." मग "सुभद्रा."

त्यानंतर धवला पुढे सुरू झाला. आवाज गोजराचाच होता.

जागृतीनं ते तीनदा ऐकलं. चौघंही गावातली, चौघंही गेलेली. म्हातारीनं तेव्हा सवयीनं नावं घेतली असतील आणि आपल्या लक्षात आलं नसेल, असं ती मनाशी म्हणाली. तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा उकळेपर्यंत टिकलं. सुभद्रा परवाच्या दिवाळीत गेली होती. नामदेव त्याच्या आधी, गणपतीत. हिरूबाई आणि चांगो त्याही आधी, पण चौघंही गोजराच्या मागून. नावं ज्या क्रमानं घेतली होती, त्याच क्रमानं ही माणसं गेली होती.

चहा उतू गेला. 

४

पंढरी साताऱ्याकडचा. जवळच्या सेक्टरमध्ये त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शनिवारी दुपारी तो आला. नावांचं ऐकून त्यानं हात झटकला.

"वैनी, आजकाल कुनाचाबी आवाज काढत्यात. मोबाइलवर बसून पोरं मंत्र्याला गाया लावत्यात. कुनीतरी पेन ड्राइव्हमधनं खोडी काढलीया तुमची."

हे इतकं साधं होतं की जागृतीला हसू आलं. कुणा टवाळखोरानं केलं असेल. गावात त्यांची काही कमी नव्हती.

पंढरीनं अँटिव्हायरस मुळापासून काढला, मशीन बंद करून चालू केलं, नवा टाकला. मग खाली कोपऱ्यात बघत त्यानं मान वाकडी केली.

"ह्ये रेकॉर्डिंग चालू हाय की वो."

"कसलं?"

"तुमी ते बंदच केल्यालं न्हाय. म्हनून फाईल वापरात दावतोय." त्यानं लपलेली खिडकी पुढे आणली. काळ्या पट्टीवर एक हिरवी रेघ होती आणि शेजारी तास मोजणारा आकडा. सोळा हजारांच्या वर गेला होता तो. त्या उन्हाळ्यापासूनचे तास.

"पण मी रोज मशीन बंद करते. आणि माइक कुठाय? तो तर तेव्हाच मोडला."

पंढरी टेबलाखाली वाकून सगळ्या वायरी बघून आला. माइक नव्हता. दोघं पट्टीकडे बघत राहिले. ती हिरवी रेघ हळूच वर येत होती आणि हळूच खाली जात होती. वर येत होती, खाली जात होती. मिक्सर थांबला तरी तिची लय बदलली नाही.

"बिघडलंय," पंढरी म्हणाला आणि त्यानं ती खिडकी बंद केली. ती पुन्हा उघडली. त्यानं तिला तसंच सोडून अपडेटचं बटण दाबलं. सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर. लाल चौकट.

फाईल आता सहा मिनिटं तीस सेकंदांची झाली होती. जागृतीनं न राहवून ती मोकळी जागा लावली. सुभद्रानंतर नवं नाव होतं.

"गोटीराम."

दोघांनी दाराकडे पाहिलं. शेजारचे गोटीरामबाबा बाहेर ओट्यावर बसून टँकरवाल्याशी तावातावानं भांडत होते. त्यांचा आवाज साऱ्या गल्लीला पुरून उरत होता.

पंढरी मनापासून हसला. "बगा! जित्त्या मानसालाबी आवतान. म्हटलं न्हवतं, खोडी हाय म्हनून?" मग जाताना म्हणाला, "उपाय येकच हाय. ती फाईल उडवायची. पर तिच्यासंगं त्या फोल्डरमधल्या सगळ्याच जातील, समद्यास्नी लागण झालीया. मग अपडेट हुतंय बगा."

"सगळ्या?"

"एक्केचाळीस."

जागृतीनं नकार दिला. नातवाच्या लग्नाला सात आठवडे राहिले होते आणि आजीचा आवाज आपल्या हातानं पुसायचा?

५

गोटीरामबाबा मंगळवारी दुपारी त्याच ओट्यावर बसल्या जागी गेले. वय झालं होतं, दुखणं झालं नाही, सोनं झालं म्हणाले सगळे. जागृती त्यांच्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि डोक्यात एकच हिशोब चालू होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार वेळा बटण दाबलं, चार नावं. पाचव्यांदा पंढरीनं दाबलं.

घरी येऊन तिनं नेटची वायर उपसून काढली. कुणी त्या मशीनला हात लावायचा नाही, असं घरात बजावलं. का, ते सांगायला गेली तर कुंदन कपाळाला हात लावून म्हणाला, "लग्नघर हाय आपलं. काय पन बोलू नको." तिला त्याचा राग आला नाही. तिचा स्वतःचाच धड विश्वास नव्हता. योगायोग असतात. म्हातारी माणसं जातात. पण रोज शाळेत फी-पावत्यांवर नावं लिहिताना तिचा हात मध्येच थांबायचा.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती बाजारातून आली तेव्हा आतल्या खोलीत ट्यूब चालू होती. शिवतेज टेबलापाशी बसला होता. कंपनीला सुट्टी होती.

"आई, तू किती टेन्शन घेतेस त्या अँटिव्हायरसचं. म्हटलं आपण करून टाकू. वायरच लूज होती, लावली." तो तिच्याकडे बघून हसला. त्याचं हसू अगदी लहानपणी होतं तसंच राहिलं होतं. "पण काय प्रॉब्लेम आहे कळत नाय. बाहत्तरवर गेलं आणि अडकलं."

पिशवीतली वांगी जमिनीवर घरंगळली.

"काय झालं? बस ना. पाणी देऊ?"

"नको. तू जा. जेवण वाढून घे."

तो गेल्यावर तिनं दार लावलं, आवाज अगदी बारीक केला आणि स्पीकरला कान लावला. हिरूबाई. चांगो. नामदेव. सुभद्रा. गोटीराम. मग श्वास घेतल्याचा आवाज, आणि गोजरा आपल्या नातवाला मारायची तशी लाडाची हाक.

"शिवतेज."

स्वयंपाकघरात तो ताट वाढून घेत होता. तिनं ताटाचा आवाज ऐकला आणि तो ऐकू येतोय म्हणून तिला रडू कोसळलं.

६

मग वेळ घालवायचाच नव्हता. तिनं एक्केचाळीस फायली निवडल्या आणि पुसायचा हुकूम दिला. मशीननं विचारलं, 'खात्री आहे का?'

तिच्या डोळ्यांपुढे खाटेवरची म्हातारी आली. धाप लागायची, तरी एक धवला अर्धा सोडायची नाही. एवढं तिनं दिलं होतं आणि आपण ते धड घेतलंही नव्हतं. "आई, माफ करा," जागृती मोठ्यानं म्हणाली.

काळ्या पट्टीवरची रेघ उंच उसळली.

ती दचकून गप्प झाली. रेघ खाली आली, आणि पुन्हा पूर्वीसारखी हळूच वर, हळूच खाली. जागृती बघत राहिली. बघता बघता भीतीनं तिचा श्वास अडकला, आणि रेघ सरळ झाली. तिनं श्वास सोडला. रेघ हलली. तिनं मुद्दाम श्वास रोखला. छातीत दुखेपर्यंत रोखला. रेघ तोवर निपचित पडून होती.

माइक नव्हता. तिनं टेबलाखाली वाकून स्वतः पाहिलं.

तिनं 'हो' दाबलं. सगळं एका क्षणात गेलं. अपडेट सुरू झालं, बाहत्तर ओलांडून शंभरावर पोचलं आणि हिरवी चौकट आली. 'तुमचा कॉम्प्युटर आता सुरक्षित आहे.' काळी पट्टी कुठेच नव्हती. पुढच्या आठ दिवसांत तिनं घरोघरी जाऊन, व्हायरस आहे सांगून, आठवतील तेवढे पेन ड्राइव्ह परत आणले आणि पाट्यावर ठेचले. कुंदन तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. शिवतेज तिचीच समजूत घालत राहिला.

७

मांडवाचा दिवस उजाडला. सकाळचं लख्ख ऊन होतं, दारात उंबराची फांदी रोवली होती, बायकांच्या साड्यांनी अंगण भरलं होतं. महिनाभर काही झालं नव्हतं. शिवतेज धडधाकट होता, मामांच्या थट्टेला लाजत होता. जागृतीला आज पहिल्यांदा भूक लागली होती.

आवतणाची वेळ झाली. नावड्याहून बोलावलेली धवलारीण तापानं आजारी पडल्याचा फोन सकाळीच आला होता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"त्यात काय एवढं?" गोटीरामबाबांची सून ईश्वरी पुढे झाली. "माझ्या मोबाइलवर हाय ना गोजराआजीचा धवला. नंदेच्या लग्नात घेतला होता. लावू स्पीकरवर?"

"नको!"

जागृती एवढ्या जोरात ओरडली की ढोलवाले वळून बघायला लागले. ईश्वरीचं बोट मोबाइलवर होतं. तिचं मन मोडणं, तिच्या हातातून मोबाइल हिसकावणं, यातलं काहीच चारचौघांत करता येण्यासारखं नव्हतं. गायल्याशिवाय मांडव पुढे सरकणार नव्हता.

"मी म्हणते," जागृती म्हणाली. "मी सून आहे त्यांची. मला येतं."

तिला येत नव्हतं. पण पाटावर बसून तिनं तोंड उघडलं आणि धवला आपोआप आला. एकही ओळ अडली नाही. जरा घोगरा, ओढलेला आवाज. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुंदनचा राग कुठल्या कुठे पळाला, तो तिच्याकडे कौतुकानं बघत होता.

"दुसरं आवतान पितरांला, मांडवा या हो बाबा..."

नावांची जागा आली. तिनं आजेसासऱ्यांचं नाव घेतलं, सासऱ्यांचं घेतलं. मग आयुष्यात पहिल्यांदा सासूचं नाव तोंडानं उच्चारलं. गोजरा. एवढीच घ्यायची होती. 'आता पितर येऊन बसले' ही पुढची ओळ.

ती ओळ आली नाही. छाती आपोआप भरली, जीभ टाळ्याकडे उचलली गेली, आणि कुठलं नाव येतंय ते तिला कळलं.

तिनं ओठ मिटले. पण श्वास आत मावत नव्हता. बायका थांबल्या होत्या, ढोल थांबले होते. कुणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं. तिला एकच सुचलं. तिनं सगळा जीव एकवटून जीभ वळवली आणि म्हणाली, "जागृती."

 एका म्हातारीच्या हातातल्या अक्षता सांडल्या. कुंदन पुटपुटला, "येरी झाली का काय?" जागृतीला मात्र हायसं वाटलं. झालं. भरली जागा. तिनं मनात दहा मोजले आणि पुढच्या ओळीची वाट पाहिली.

ओळ आली नाही. छाती पुन्हा भरत होती.

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. बांगड्या हनुवटीत रुतल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्याआडून तिला शिवतेज येताना दिसला, पाहुण्यांना बाजूला सारत, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं जोरजोरानं मान हलवली. त्याला वाटलं, आजीच्या आठवणीनं आईला भरून आलंय.

"आई," तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "असं नको ना करू. घे, पाणी पी."

आणि त्यानं हळूच, तिला दुखणार नाही अशा बेतानं, तिचे हात तोंडावरून खाली घेतले.